रशियन खेळाडूचा रकाना

प्रिय मित्रा,

टोरांटोत संख्याशास्त्र शिकतोस, पुढे आइस हॉकीच्या क्लबात विश्लेषक व्हायचंय, त्यासाठी एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या) ड्राफ्टवर, म्हणजे क्लब फेरीफेरीने तरुण खेळाडू निवडतात त्यावर, प्रकल्प करतोयस. 'खेळाडू रशियन असेल तर धोका म्हणून त्याचे गुण कापू का?' असं तू विचारलंस. सरसकट कापू नकोस.

रशियन खेळाडू येणारच नाही किंवा परत निघून जाईल, ही क्लबांची भीती उगाच नाही. 2008 मध्ये रशियाची केएचएल ही हॉकी लीग सुरू झाली आणि एनएचएलच्या नॅशव्हिल क्लबशी करार शिल्लक असताना अलेक्झांडर रादुलोव रशियातल्या उफाच्या क्लबाकडे निघून गेला. त्याच वर्षी कोलंबसने सहाव्या क्रमांकावर घेतलेला निकिता फिलातोवही एनएचएलमध्ये रुळला नाही. हे क्लबांच्या डोक्यात बसलं. 2015 मध्ये किरिल काप्रिझोव 135व्या क्रमांकापर्यंत घसरला. (तो चणीनेही लहान होता, सगळं खापर पासपोर्टवर फोडू नये.) मिनेसोटाने वाट पाहिली, 2021 मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

आता दोन नावं शेजारी ठेव. आंद्रेई स्वेच्निकोव 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला, तेव्हा तो तुझ्याच ऑन्टॅरियोत, बॅरीच्या ज्युनियर संघाकडून खेळत होता. मात्वेई मिचकोवला 2023 मध्ये फिलाडेल्फियाने सातव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा त्याचा रशियातल्या एसकेए क्लबाशी करार 2026 पर्यंत होता. प्रत्यक्षात तो 2024 लाच आला. तुझ्या तक्त्यातल्या देशाच्या रकान्यात दोघेही नुसते 'रशियन'. म्हणून तो रकाना फोड: सध्याची लीग, कराराची उरलेली वर्षं, येईल तेव्हाचं वय. 'उशिरा येणं' आणि 'कधीच न येणं' हेही वेगळं मोज. उशिराची किंमत मांडता येते. शिवाय पाचव्या फेरीत निवडलेले बहुतेक खेळाडू, कुठल्याही देशाचे असोत, एनएचएलपर्यंत पोचतच नाहीत. तिथे हा धोका स्वस्तात पडतो.

एक गोष्ट मात्र कराराच्या कागदात दिसत नाही. 2022 मध्ये फिलाडेल्फियाचा गोलरक्षक इवान फेदोतोव याला रशियात ताब्यात घेऊन लष्करी सेवेला पाठवलं. तिथे नागरिकत्वच आडवं आलं. ही शक्यता मॉडेलमध्ये वेगळी दाखव, आकडा अंदाजे असेल तर तसं लिही.

नोकरीचं म्हणशील तर एनएचएलचे क्लब 32च, जागा मोजक्या. आधी विद्यापीठाच्या किंवा ज्युनियर संघाचं काम धर. प्रकल्प दोन पानांत बसव, कारण व्यवस्थापक समीकरणं वाचत नाही, कुणाला कितव्या फेरीत घ्यायचं ते विचारतो. आणि पाठवण्यापूर्वी तपास, यादीत फिलातोवसारखी फसलेली नावंही आहेत ना.