छायाचित्र निघाले म्हणून विषय संपला नाही

पत्र : मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. तिला कृष्णविवरांवर संशोधन करायचे आहे. कृष्णविवराचा फोटो २०१९ मध्येच निघाला, त्याला नोबेलही मिळून गेले, आता तिथे नवीन काय उरले, असे मी तिला सांगितले. भौतिकशास्त्रात ७४ टक्के आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची जागा बोलून ठेवली आहे. तिची समजूत कशी घालावी?

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील गुण मला खटकले नाहीत. खटकले ते हे की, जागा बोलून ठेवल्यावर आपण सल्ला विचारत आहात आणि तोही मुलीने काय करावे याचा नव्हे, तर तिची समजूत कशी घालावी याचा. तिला हा विषय का आवडतो, याबद्दल पत्रात एकही वाक्य नाही. शिवाय तिला परावृत्त करण्यासाठी आपण दिलेले कारणच चुकीचे आहे, आणि वडिलांचा शब्द म्हणून तिने ते खरे मानले असेल, तर तो तिच्यावर अन्याय आहे.

एम८७ दीर्घिकेच्या त्या प्रतिमेत तेजस्वी कडे आणि आतली सावली दिसते. अशी सावली पडायला, प्रकाशाला स्वतःभोवती फिरवू शकेल इतकी घट्ट वस्तू पुरते. तिला घटना क्षितिज, म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही अशी कृष्णविवराची सीमा, असलेच पाहिजे असे नाही. बोसॉन तारे किंवा ग्रॅव्हास्टार या अद्याप केवळ गणितात असलेल्या वस्तूही काही परिस्थितींत जवळजवळ तसेच चित्र देऊ शकतात. नोबेलही त्या फोटोला मिळालेले नाही. २०२० चा निम्मा पुरस्कार रॉजर पेनरोज यांच्या गणिती कार्यासाठी होता, आणि आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवतीच्या ताऱ्यांच्या कक्षा मोजणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांच्या मानपत्रात केवळ ‘अतिप्रचंड वस्तुमानाची संहत वस्तू’ असे जपून म्हटले आहे.

मग क्षितिज आहे की नाही, हे ओळखायचे कसे? न्यूट्रॉन ताऱ्याला, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या उरलेल्या अतिघट्ट गाभ्याला, पृष्ठभाग असतो. त्यावर जोडीच्या ताऱ्याकडून येऊन साचलेला वायू अणुसंमीलनाने भडकतो आणि क्ष-किरणांचे स्फोट दिसतात. अशाच जोड्यांत कृष्णविवर मानल्या गेलेल्या वस्तूंपाशी असे स्फोट आढळत नाहीत, हा भक्कम पुरावा आहे. दुसरा मार्ग गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे जड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशकाळात उठणाऱ्या तरंगांचा. दोन कृष्णविवरे एकत्र आल्यावर तयार झालेले विवर घंटेसारखे क्षणभर निनादते, आणि तो नाद किती उंच व किती लवकर विरतो हे त्याच्या वस्तुमानावर आणि फिरण्यावर ठरते, बंगळुरूचे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्येच हा नाद गणिताने दाखवला होता. क्षितिजाऐवजी पृष्ठभागासारखे काही असेल, तर नादामागून क्षीण प्रतिध्वनी यायला हवेत. ते शोधले जात आहेत. खात्रीशीर असे अजून काही हाती लागलेले नाही. २०१९ मध्ये नोंदल्या गेलेल्या गुरुत्वीय लहरींच्या एका संकेतातली, सूर्याच्या सुमारे २.६ पट वस्तुमानाची वस्तू जड न्यूट्रॉन तारा होती की हलके कृष्णविवर, हेही ठरलेले नाही.

या कामाचा मोठा भाग गोंगाटातून संकेत वेगळा काढणे, म्हणजे संख्याशास्त्र आणि प्रोग्रामिंग हाच असतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभ्या राहणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेला लेसर, निर्वात यंत्रणा आणि नियंत्रण प्रणाली जाणणारे अभियंतेही लागणार आहेत. तेव्हा आपण निवडलेली शाखा वाईट नाही. ती तिच्यावर लादणे वाईट आहे.

बारावीनंतर आयसर व नायसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांसाठी अनुक्रमे आयएटी व नेस्ट या प्रवेश परीक्षा, आणि बीएस्सीनंतर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा, असे मार्ग आहेत.

जागेचे पैसे भरण्याआधी पुढचे पत्र मुलीला स्वतः लिहू द्या. संकेतांची आकडेमोड तासन्‌तास करत बसणे तिला आवडेल का, हे तिने त्यात मोकळेपणाने लिहावे. तिचे उत्तर ‘नाही’ असेल, तर दुसरा विषय मीच तिला सुचवीन.