गणपतीला गावी येताय, तर चावणाऱ्यांबद्दल थोडं

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. गेल्या वर्षी गुहागरला मुलाच्या मानेवर भाजल्यासारखा लांबट चट्टा उठला तो कशाचा, यंदा सोबत काय औषधं ठेवायची आणि डॉक्टरांकडे कधी धावायचं. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण माणसांचा अंदाज तिथेच चुकतो. आंब्याच्या कलमावर चढलेल्याला हुमले, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्या, चावले की तो अख्खी वाडी गोळा करतो आणि तासाभरात विसरतो. दंशाच्या जागी फारसं काही दिसत नाही, तिथे मात्र सावध राहायचं.

विंचू घ्या. मोठी काळी इंगळी बघून लोक किंचाळतात, पण जिवावर बेततो तो बोटाएवढा तांबडा विंचू. जांभ्याच्या गडग्यात म्हणजे दगडी कुंपणात, लाकडांच्या ढिगात, रचून ठेवलेल्या कौलांत तो असतो. नांगी मारली की कळ मस्तकात जाते, सूज मात्र नावाला. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "सुजलं नाय ना, मग काय नाय होत." त्यानंतर पोर घामाने निथळायला लागतं, उलट्या होतात, लाळ गळते, हातपाय गार पडतात. विषामुळे अंगातलं ॲड्रेनलिन उसळतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा असे गंभीर रुग्ण डोळ्यांदेखत जात होते. प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून त्यांनी अशा रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता जोडीला विंचवाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, हीही देतात. ही गोळी घरी द्यायची नाही, रक्तदाब बघूनच ती देतात. पण लहान मुलाला विंचू चावला असेल तर लक्षणांची वाट न बघता आरोग्य केंद्र गाठा, तिथे एक दिवस-रात्र लक्ष ठेवू द्या. विंचू उतरवणारे अजून गावोगाव आहेत. बऱ्याच दंशांत नुसती कळच येते आणि ती आपसूक ओसरते, म्हणून त्यांचं नाव टिकून आहे. त्यांच्या अंगणात गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

गोचीड चावलेली तर कळतही नाही. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात २०१६ पासून गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले. हा आजार मूळचा कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातला, तिथे तो १९५७ साली ओळखला गेला. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूचा. तुम्ही गणपतीला येताय, तुम्हाला तेवढी काळजी नाही. मे महिन्यात येणाऱ्यांनी मात्र ऐका: रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा, आणि बागेतून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून अंघोळ करा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतणं, विडीने चटका देणं हे प्रकार बंद करा.

तुमच्या दिवसांत लक्ष ठेवायचं ते गवतावर. स्क्रब टायफस या तापाचं नाव बहुतेकांनी २०१८ च्या विदर्भातल्या साथीत ऐकलं, पण पावसानंतर कमरेएवढं वाढलेलं गवत आपल्याकडेही आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीची पिल्लं काखेत, जांघेत, गुडघ्यामागे चावतात. तिथे कधीकधी न दुखणारी काळी खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी ताप भरतो. तोवर तुम्ही मुंबईत परत गेलेले असता आणि डॉक्टर डेंग्यूच्या तपासण्या लिहून देतात. म्हणून गावाहून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर "कोकणात गवतात फिरलो होतो" हे स्वतःहून सांगा आणि खपली दाखवा. वेळेवर कळलं तर डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने सहसा आटोक्यात येतं.

मधमाश्या आणि गांधीलमाश्या यांचं वेगळं. एक-दोन डंखांनी नुसतं सुजतं. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्याची पिशवी विष सोडत राहते, तेव्हा नखाने, कशानेही, पण लगेच काढा. गांधीलमाशी काटा ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा मारते. आग्या मोहोळ उठलं तर तोंड झाकून पळा आणि घरात शिरून दार लावा. विहिरीत उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ती जिवावरची ॲलर्जी आहे. अशा वेळी ॲलर्जीच्या एव्हिल गोळीवर विसंबू नका, मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. १०८ ला फोन करा. चक्कर येत असेल तर आडवं झोपवून पाय उंच ठेवा, धाप लागली असेल तर बसवा. खूप डंख असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना गाठा.

आता मानेवरचा चट्टा. वर्णनावरून मला तो चावाच वाटत नाही. पावसात ट्यूबलाइटभोवती एक नारिंगी-काळा, मुंगीसारखा सडपातळ किडा येतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते, तीही लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. पोर झोपेत मान चोळतं आणि सकाळी रेघ उठते. हीच रेघ बघून लोक नागीण म्हणतात आणि पोराला मंत्र घालायला नेतात. असा किडा अंगावर दिसला तर फुंकरीने उडवा, चिरडला गेलाच तर जागा साबणाने धुवा आणि तोच हात डोळ्याला लावू देऊ नका. झोपायच्या खोलीतला दिवा लवकर मालवा.

औषधांत खाजेवर लावायचं कॅलामाइन, बारीक चिमटा आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून वजनानुसार डोस लिहून घेतलेलं सेटिरिझिन हे ॲलर्जीचं औषध एवढं बस्स. वरून गार पाण्याची घडी. चुना, कांदा, टूथपेस्ट यांनी उगाच कातडी सोलते. खाजवून झालेली जखम दोन-तीन दिवसांनी वाढत गेली, तापली किंवा पू धरला तर मात्र दाखवा.

डासांसाठी मच्छरदाणीच घ्या. बाळाच्या खोलीत धुरी नको, धुराने डासांआधी बाळ हैराण होतं. मलम लावायचं तर पाकिटावरचं वय वाचा आणि बोटांना लावू नका, ती तोंडात जातात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि बागेतच पैदा होतो: पडलेल्या पोफळीच्या विऱ्यांत, करवंट्यांत, दोडामार्गकडे रबराच्या झाडांना चीक धरायला बांधलेल्या वाट्यांत. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो. गावी पोचलात की पहिल्याच दिवशी पोरांना हाताशी घेऊन मागचं परसू फिरा आणि साचलेलं सगळं उपडं करा. गडग्यात हात घालणार नाहीत एवढं बघा, आणि बूट घालण्याआधी झटकायला शिकवा.