लंडनच्या झूमध्ये गोगलगायींपाशी थांबा

प्रश्न : मे महिन्यात लेकीकडे लंडनला जाते आहे. सात वर्षांचा नातू आतापासूनच ‘आजी, झूला जायचंच’ म्हणून मागे लागलाय. मला पिंजऱ्यातली जनावरं बघवत नाहीत. संवर्धन वगैरे म्हणतात, ते खरं असतं की तिकीट खपवायचं निमित्त?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जरूर जा. मनातली शंकाही बरोबर न्या, तिथे ती उपयोगी पडेल.

रीजंट्स पार्कमधलं हे प्राणिसंग्रहालय 1828चं. आधी फक्त प्राणिशास्त्र संस्थेच्या सभासदांसाठी होतं, 1847पासून सर्वांना खुलं झालं. झेब्र्याचा भाऊबंद असलेल्या क्वागाचे जिवंतपणी काढलेले जे फोटो उरले आहेत, ते इथल्याच एका मादीचे. पुढे 1883मध्ये ती जातच संपली. नुसते प्राणी ठेवल्याने प्राणी वाचत नाहीत, हे या जागेने फार जवळून पाहिलं आहे.

मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून आग्रहाने सांगते, ‘टायनी जायंट्स’ विभागातल्या पार्टुला गोगलगायी बघा. आकार नखाएवढा. आपल्याकडे पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर चढते ना, ती मोठी आफ्रिकन गोगलगाय प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या बेटांवर पिकं खाऊ लागली. तिच्यावर उतारा म्हणून 1970च्या दशकात एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने फडशा पाडला तो या निरुपद्रवी पार्टुलांचा. कित्येक जाती फक्त प्राणिसंग्रहालयांतल्या डब्यांत उरल्या. एका जातीची शेवटची गोगलगाय 1996मध्ये लंडनच्याच झूमध्ये मेली. तरी लोकांनी काम सोडलं नाही. 2015पासून डब्यांत वाढवलेल्या पार्टुला बेटांवर परत सोडतात. रात्री शोधता याव्यात म्हणून प्रत्येकीच्या शंखावर लाल रंगाचा ठिपका लावतात. 2024मध्ये मोओरेआ बेटावर ठिपका नसलेल्या, म्हणजे रानातच जन्मलेल्या मोठ्या गोगलगायी सापडल्या! तुमच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

सिंहांच्या बाबतीत मी एवढ्या ठामपणे बोलणार नाही. तिथे सासण गीरचं स्टेशन हुबेहूब उभारलंय, नातू खूश होईल. जंगलातले आशियाई सिंह फक्त गुजरातेत उरलेत आणि 2018मध्ये गीरच्या एकाच भागात वीसहून अधिक सिंह दगावले, काहींत कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू सापडला. त्यामुळे बाहेर थोडे सिंह जपून ठेवणं शहाणपणाचंच. पण गीरच्या सिंहांना खरी गरज आहे ती दुसऱ्या रानाची, आणि ते लंडन देऊ शकत नाही.

तिकीट ऑनलाइनच काढा. कॅम्डन टाउन स्टेशनवरून चालत जाता येतं. आणि नातवाला आधीच सांगून ठेवा, तिथे हत्ती नाहीत. शहरातली जागा अपुरी पडते म्हणून 2001मध्येच त्यांना लंडनबाहेरच्या व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयाच्या मोकळ्या माळावर हलवलं.