राजधातू आणि मौल्यवान धातू एकच का? गलाईच्या भट्टीवरून उत्तर

ताई, तुमच्या मुलीनं विचारलेला प्रश्न फार चांगला आहे. शाळेच्या पुस्तकात सोनं, चांदी, प्लॅटिनम यांना 'राजधातू' म्हटलंय आणि सराफाकडे त्यांनाच 'मौल्यवान धातू' म्हणतात. मग ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत का? आणि तसं असेल तर तांबं त्या पंगतीत का नाही? शिवाय तुमचा स्वतःचा प्रश्न आहेच: प्लॅटिनम सोन्याहून दुर्मीळ म्हणतात, मग अंगठी मोडायला नेल्यावर दुकानदार नाखूश का झाला?

मी गलाईवाला आहे. आमचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात, दुकान तमिळनाडूत. खानापूर, आटपाडी भागातली कितीतरी घरं अशीच देशभरातल्या सराफ बाजारांत सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात विखुरलेली आहेत. तीस वर्षं भट्टीपुढे बसतोय, तेव्हा उत्तर भट्टीवरूनच देतो.

आधी वर्गवारीचं. धातूंची वर्गवारी एकच एक नसते, ज्याचं जे काम त्याप्रमाणे ती बदलते. भंगारवाला लोखंड एकीकडे आणि तांबं-पितळ-ॲल्युमिनियम दुसरीकडे करतो. इंजिनिअर हलके-जड, चुंबकाला चिकटणारे-न चिकटणारे असे गट पाडतो. आपल्या जुन्या रसशास्त्रात, म्हणजे धातूंपासून औषधं करण्याच्या शास्त्रात, तर फार सुंदर विभागणी होती. तिथे 'लोह' म्हणजे कुठलाही धातू. सोनं, चांदी, तांबं, लोखंड हे शुद्धलोह. शिसं आणि कथील हे पूतिलोह, 'पूति' म्हणजे दुर्गंधी. आणि पितळ, कांसं, वर्तलोह हे मिश्रलोह. यात लोखंड सोन्याच्या शेजारी बसलंय, हे मुलीला जरूर दाखवा. त्या लोकांनी धातू आगीत आणि औषधात कसा वागतो ते पाहिलं होतं, बाजारभाव पाहून गट पाडले नव्हते.

रसायनशास्त्राची वर्गवारी वेगळी. धातू हवा, पाणी, आम्ल यांच्याशी किती लवकर भिडतो, यावरून ते सगळ्या धातूंना एका रांगेत उभं करतं. पोटॅशियम, सोडियम सगळ्यांत वर. मग ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसं. त्याखाली तांबं, पारा, चांदी. आणि तळाशी सोनं, प्लॅटिनम. हीच अभिक्रियाशीलता श्रेणी, आणि तिच्या तळाचे, कशाशी सहजी न भिडणारे धातू म्हणजे राजधातू. पुस्तकात ती पाठ करावी लागते. आमच्याकडे ती रोज चार टबांत उतरते.

समजा, जुन्या दागिन्यांची मोड आलीय. त्यात सोनं आहे, चांदी आहे, तांबं आहे. आम्ही ती मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यात, टाकणखार (बोरॅक्स) घालून वितळवतो आणि त्यात सोन्याच्या अडीच-तीनपट चांदी मुद्दाम घालतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं, सोनं शुद्ध करायचंय तर चांदी कशाला मिसळायची? पण सोन्याचं प्रमाण जास्त असलं की ते आतल्या चांदी-तांब्याला झाकून ठेवतं, ॲसिड आत शिरतच नाही. चांदी वाढवली की वाट मोकळी होते. मग तो रस पाण्यात ओतून त्याचा रवा करायचा आणि नायट्रिक ॲसिडमध्ये तापवायचा. तांबूस-तपकिरी धूर उठतो. तो विषारी असतो, त्याला धुराडं आणि पंखा हवाच. जुन्या पिढीतल्या अनेकांनी तो छातीत घेऊन आयुष्यं काढली, याचं मला आजही वाईट वाटतं. द्रव हिरवट-निळा होतो आणि तळाशी उरते ओल्या कॉफीच्या चोथ्यासारखी तपकिरी पूड.

ते सोनं असतं. चमक नाही, पिवळेपणा नाही. धुवून, वाळवून पुन्हा मुशीत घातलं की १०६४ अंशांना वितळतं आणि एकदम आपल्या ओळखीचा रंग येतो.

आता तो निळा द्रव. त्यात चांदी विरघळलेली आहे, डोळ्यांना दिसत नाही. त्यात तांब्याचा पत्रा सोडायचा. थोड्या वेळात पत्र्यावर राखाडी-पांढरा कापूस फुलल्यासारखा दिसतो, हलवला की गळून खाली बसतो. ती चांदी. तांबं स्वतः विरघळतं आणि चांदीला बाहेर काढतं, म्हणून पाणी आणखी गडद निळं होत जातं. चांदी काढून घेतली की त्या पाण्यात लोखंडाचं भंगार टाकायचं. आता लोखंड विरघळतं आणि तांबं लाल गाळ होऊन बसतं. शेवटी उरतं लोखंडाचं पाणी. जस्त टाकलं तर त्यातलं लोखंडही बाहेर येईल, श्रेणीत जस्त लोखंडाच्या वरच आहे. पण ते कुणी करत नाही, कारण जस्त लोखंडापेक्षा महाग. त्या पाण्यात चुना घालून आम्ल मारतात आणि गाळ वेगळा करतात.

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या चौथ्या, लोखंडाच्या पाण्याच्या टबापाशी आहे. तिथपर्यंत रसायनशास्त्र चालतं, तिथून हिशोब सुरू होतो. राजधातू कोण ते ॲसिड ठरवतं. मौल्यवान कोण ते माणसं ठरवतात.

दोन्ही याद्या बऱ्याच जुळतात, म्हणून गोंधळ होतो. पण पाऱ्याचं बघा. श्रेणीत तो चांदीला खेटून बसतो, तरी त्याला कुणी मौल्यवान म्हणत नाही. श्रेणीत तुलनेसाठी हायड्रोजनलाही शिसं आणि तांब्याच्या मधे बसवतात; तांबं त्याच्या खालीच आहे, म्हणून साध्या हायड्रोक्लोरिक आम्लाला सहजी दाद देत नाही. पण देवघरातला तांब्या चिंचेनं घासावा लागतो, जुन्या तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि जमिनीत तांबं भरपूर आहे. चांदी मधल्या जागी आहे. ती हवेतल्या ऑक्सिजननं खराब होत नाही, गंधकयुक्त वायूनं काळी पडते; नायट्रिकमध्ये तर विरघळतेच. सोन्याला नायट्रिक एकटं काही करू शकत नाही. त्याला आम्लराज लागतं, एक भाग नायट्रिकला तीन भाग हायड्रोक्लोरिक.

आता 'दुर्मीळ म्हणून महाग' हे आपण सर्रास म्हणतो. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. पृथ्वीच्या कवचात ॲल्युमिनियम सुमारे ८ टक्के, लोखंड सुमारे ५ टक्के, आणि साध्या खडकाच्या एका टनात सोनं मोजकं काही मिलिग्रॅम. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या त्या सोनं काढायचा खर्च परवडेना म्हणून. पण ऱ्हेनियम हा धातूही अतिदुर्मीळ आहे, विमानाच्या जेट इंजिनांच्या पात्यांत वापरतात. त्याचा हार कुणी गळ्यात घालत नाही.

याउलट ॲल्युमिनियमची गोष्ट. कवचात हा धातू सोन्याच्या कोट्यवधी पट आहे, पण ऑक्सिजनला इतका घट्ट धरून बसतो की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो सुटा करणं महाकठीण होतं. १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या कांड्या अपूर्वाईची वस्तू म्हणून मांडल्या होत्या. १८८४ साली अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवायला सुमारे २.८ किलोचा ॲल्युमिनियमचा कळस ओतला, तेव्हा त्याचा भाव चांदीच्या आसपास होता. दोनच वर्षांनी, १८८६ला, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी, एकमेकांना न ओळखता, विजेनं ॲल्युमिनियम काढायची एकच रीत शोधली. काही वर्षांत भाव कोसळला. आज आपण त्यात चपात्या गुंडाळून डबा देतो. धातू तोच, श्रेणीतली त्याची जागाही तीच. तो राजधातू कधीच नव्हता, काही दशकं मौल्यवान मात्र होता.

मग सोनं हजारो वर्षं मौल्यवान का राहिलं? माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ते परत येतं. धंद्यात नवा होतो तेव्हाची गोष्ट. धुवणाचं पाणी घाईत मोरीत ओतलं, त्यात पूड गेली. वडील ओरडले नाहीत. मोरीच्या तोंडाशी कापड बांधायला लावलं, दोन दिवसांचा गाळ गोळा करून वाळवला, जाळला, शिसं घालून गाळला. गेलेलं जवळजवळ सगळं सोनं परत आलं. सराफ कट्ट्यावरच्या गटारातली माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी तुम्ही पाहिले असतील. लोहाराच्या दुकानापुढची माती कुणी असं धूत नाही, कारण त्यातलं लोखंड तोवर गंजून मातीच झालेलं असतं. सोन्याचा कण गटारात वर्षभर पडला तरी तो सोनंच असतो. त्यात ते मऊ: एका ग्रॅमची दोन किलोमीटर तार निघते. वाटता येतं, जोडता येतं, कसोटीच्या दगडावर रेघ ओढून ओळखता येतं. नातवाला दिलेली आजीची पाटली गाळून त्याची अंगठी केली, तरी त्यातलं सोनं आजीचंच.

आता तुमची अंगठी. कोलंबियात स्पॅनिश लोकांना नदीच्या वाळूत सोन्याबरोबर हे पांढरे कण सापडायचे. त्यांनी नाव ठेवलं 'प्लाटिना', म्हणजे छोटी चांदी. त्यांना ते नकोसं होतं, कारण कुठल्याच भट्टीत वितळत नव्हतं. प्लॅटिनम वितळायला १७६८ अंश लागतात. रशियानं १८२८ ते १८४५ त्याची नाणीही पाडली. पुढे प्रयोगशाळा, रासायनिक कारखाने आणि गाड्यांच्या धुराची सफाई यांत त्याला जागा मिळाली, आणि २०१४च्या सुमारापर्यंत ते बहुतेक वेळा सोन्यापेक्षा महाग असायचं. २०१५पासून चित्र उलटलं.

अडचण तीच, स्पॅनिश लोकांची. माझ्यासारख्याच्या भट्टीत सोनं, चांदी, तांबं सहज वितळतं. प्लॅटिनमला वेगळी मूस, वेगळी ज्योत लागते. ते शुद्ध करणारे थोडे, म्हणून घेणारेही थोडे. तुमच्या अंगठीवर ९५० छापलं असेल तर हजारात ९५० भाग प्लॅटिनम आहे, माल खरा आहे. जिथून घेतली त्याच दुकानात पावती दाखवून मोडीची अट विचारा, तिथेच बरा भाव मिळायची शक्यता. यापुढे घेताना ती अट आधी लिहून घ्या. सोनं घेताना २२ कॅरेटवर ९१६ आणि एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा, अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा हॉलमार्क क्रमांक बघा. १ एप्रिल २०२३पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक तपासता येतो.

मुलीसाठी एक प्रयोग. ॲसिडच्या वाटेला मुळीच जाऊ देऊ नका. द्राक्षबागेवर बोर्डोच्या फवारणीला वापरतात तो मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, चमचाभर आणा. तो विषारी असतो, म्हणून स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, हात धुवा आणि तुम्ही शेजारी थांबा. काचेच्या जुन्या बरणीत पाण्यात विरघळवा, घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यात सोडा. अर्ध्या तासात खिळ्यावर लाल तांबं चढलेलं दिसेल. दुसऱ्या बरणीत तेच पाणी घेऊन चांदीच्या जुन्या साखळीचा तुकडा सोडा. संध्याकाळपर्यंत ठेवलात तरी काही होणार नाही. का होत नाही, ते तिलाच सांगू द्या.