2147483647 मूळ संख्या आहे हे ऑयलरने हाताने कसं ठरवलं?

तुम्ही विचारलंय की 2147483647, म्हणजे 2³¹ − 1, मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने 1772 मध्ये कसं दाखवलं. 46,340 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं का? तुमच्या प्रश्नावर एकाने "संगणक सांगतो ना" असं लिहिलंय, पण ते कारण झालं नाही. खरं कारण दहावीच्या मुलालाही समजतं आणि ते फार सुंदर आहे.

वर्गमूळ 46,340 च्या किंचित वर आहे, त्यामुळे तिथपर्यंतच तपासायचं, हे तुमचं बरोबर. पण त्या टप्प्यात सुमारे 4,800 मूळ संख्या आहेत. ऑयलरला त्यातल्या फक्त 84 पुरल्या.

समजा क ही मूळ संख्या 2³¹ − 1 ला भागते. म्हणजे 2³¹ ला क ने भागलं की बाकी 1. फर्माच्या प्रमेयानुसार 2 च्या (क − 1) व्या घातालाही बाकी 1. आता 2 चा ज्या सर्वात लहान घाताला बाकी 1 येते, तो घातांक अशा प्रत्येक घातांकाला भागतो. 31 स्वतः मूळ आहे, म्हणून तो घातांक 31 च, आणि क − 1 ला 31 ने भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून 62 नेही. 2¹¹ − 1 = 2047 वर पडताळून बघा: 23 × 89, आणि 22 व 88 दोन्हींना 11 ने भाग जातो.

दुसरी चाळणी मला जास्त आवडते. 2³¹ ची बाकी 1, तर 2³² ची बाकी 2. पण 2³² हा 2¹⁶ चा वर्ग! म्हणजे क च्या हिशेबात 2 हा कुणाचा तरी वर्ग आहे, आणि असं फक्त 8 ने भागल्यावर 1 किंवा 7 उरणाऱ्या मूळ संख्यांच्याच बाबतीत घडतं. दोन्ही अटी एकत्र केल्या की क ला 248 ने भागून 1 किंवा 63 च उरू शकतात. बाकी सगळ्या गळाल्या.

एका जुलैत पावसाने लोकल बंद पडल्या आणि शिकवणीची चार मुलं दादरला माझ्याकडेच अडकली. मूळ संख्यांची यादी मी दिली, भागाकार त्यांनी वाटून घेतले, प्रत्येकी 21. रात्री दहाच्या सुमारास शेवटची बाकी निघाली. शून्य एकही नव्हतं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात.

हीच संख्या 2³⁰ ने गुणली की 2305843008139952128 ही आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःला सोडून बाकी सगळ्या भाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते अशी) मिळते, पण त्यावर वेगळं लिहीन. आधी कागद घ्या. पहिला उमेदवार 311, बाकी 35 येईल. मग 1303, बाकी 226. त्यापुढे 1489.