जास्वंदीवरचं पांढरं: मावा की पिठ्या ढेकूण?

प्रश्न असा आहे: कुंडीतल्या जास्वंदीच्या पेरांत कापसासारखं पांढरं काहीतरी साचलंय. रोपवाटिकेतले काका म्हणाले, ‘मावा पडलाय’. इतर ठिकाणी त्यालाच मिलीबग म्हटलेलं दिसतं. मग मिलीबगला मराठीत मावा म्हणायचं का?

नाही. वर्णनावरून तो पिठ्या ढेकूण आहे. मावा ही वेगळी कीड. काकांचं का चुकलं असेल याचा मला एक अंदाज आहे. 2002 साली सांगली आणि पश्चिम महाराष्ट्रात उसावर ‘लोकरी मावा’ आला. तो खरोखरच माव्यातला, पण अंगावर पांढरी लोकर असलेला. तेव्हापासून पांढरं दिसलं की मावा, अशी सवय पडली असावी.

घरच्या झाडांवरचा मावा बहुधा हिरवा, पिवळा किंवा काळा असतो आणि कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर दाटीनं बसतो. भिंगातून पाहिलंत तर पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसतील. शब्दाचं वागणंही बघण्यासारखं आहे. ‘मावे आले’ असं कुणी म्हणत नाही. मावा पडतो, दव पडावं तसा. मादी नराशिवायही थेट पिल्लं घालते, त्यामुळे शेंडा बघता बघता भरतो आणि एकेक किडा वेगळा मोजायची वेळच येत नाही. तुडतुडे मात्र अनेकवचनात, आणि ते ‘येतात’. पानाला हात लावला की तिरके चालतात नाहीतर टुणकन उडतात. तुडतुडीत म्हातारा म्हणतो ना आपण, तीच चपळाई.

पिठ्या ढेकूण हे नाव मला फार आवडतं. पीठ म्हणजे अंगावरची मेणचट पांढरी पूड. टाचणीनं ती बाजूला सारा, खाली गुलाबीसर, चपटं, लंबगोल अंग दिसेल. आणि ढेकूण म्हटलंय तेही चपखल: गादीतला ढेकूण आणि हा, दोघंही सोंडेनं शोषणाऱ्या एकाच मोठ्या गणातले. फक्त विभक्ती लावताना ‘ढेकूणाचा’ लिहू नका. ऊ गळतो: पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव, ढेकणांवर फवारणी.

फांदीवर तपकिरी फुगवटे असतील आणि नखानं खरवडल्यावर टरफलासारखे निघत असतील, तर ती खवले कीड. ‘पांढरी माशी’ नावाची माशी नव्हेच; खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी, हिला दोन. पानाखाली बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले तर लाल कोळी. पान पांढऱ्या कागदावर झटका, ठिपके चालू लागतील. नुसतं ‘कोळी’ म्हणू नका, कारण जाळं विणणारा मोठा कोळी इतर किडे खातो, त्याला मारायचं नाही. लाल कोळी आठ पायांचा, म्हणजे काटेकोरपणे कीटकही नव्हे. पण ‘कीड’ म्हणायला हरकत नाही. कीड (ती) म्हणजे लागण, किडा (तो) म्हणजे एकटा जीव. म्हणून कीड लागते, किडा चावतो.

राहिला ‘चिकटा’. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, सगळ्यांचाच गोड चिकट स्राव पानांवर पडतो. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी वाढते. ज्वारीवर तर ‘चिकटा पडला’ म्हणजेच मावा आला. पण कुंडीत चिकटा दिसला तर नाव ठरवण्याआधी पान उलटून बघा. जास्वंदीला तेवढं करायची गरज नाही, तुमचे ढेकूण पेरांत उघडेच बसलेत.