नॉर्वेचा आकडा बघून देश ठरवू नका

दादा, तुम्ही नाशिकच्या सिडकोतल्या बालवाडीत शिकवता, पालक अजूनही दारातून ‘मॅडम कुठे आहेत?’ असं विचारतात, आणि आता परदेशात, जिथे पुरुष शिक्षक जास्त तिथेच जायचं ठरवताय. बालवाडीतल्या पुरुषांच्या टक्क्यांच्या यादीत नॉर्वे वर दिसतो, मग तिकडेच जावं का, हा तुमचा प्रश्न. मी मूळचा पंचवटीचा, हल्ली जर्मनीत हॅम्बुर्गला याच कामात आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नॉर्वेत बालवाड्यांमधले पुरुष साधारण १० टक्के. सरकारचं २० टक्क्यांचं उद्दिष्ट नव्वदच्या दशकापासून आहे, अजून गाठलेलं नाही. जर्मनीत वीसेक वर्षांपूर्वी ३ टक्क्यांच्या आसपास होते, आता ८ च्या आसपास आहेत. इंग्लंड-अमेरिका अजून २-३ टक्क्यांवरच. पण मोजलंय कोणाला, ते आधी बघा. नॉर्वेच्या आकड्यात मदतनीसही येतात. जर्मनीत शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारेही याच हिशेबात धरतात, आणि पुरुष तिकडे जास्त असतात. फ्रान्स-नेदरलँड्समध्ये चार वर्षांच्या मुलांना शिकवणारा हा प्राथमिक शिक्षकाचंच शिक्षण घेतलेला असतो, म्हणून त्यांचा टक्का वर दिसतो. तान्ह्या मुलांच्या पाळणाघरांचा हिशेब वेगळा. आपल्याकडे अंगणवाडी सेविकेची जागाच बाईसाठी, त्यामुळे तुलनेचा प्रश्नच येत नाही. याच देशात गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं, लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणायचे, आणि आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून तयार झाल्या. तिथेच आज ही जागा पुरुषाला बंद, याची मला फार खंत वाटते.

एका देशातही फरक मोठा आहे. हॅम्बुर्ग, बर्लिन, ब्रेमेन इथे पुरुष दहा टक्क्यांच्या वर, बव्हेरियात बरेच कमी. म्हणून देश नको, शहर बघा, आणि शहराहून जास्त ती बालवाडी बघा.

खरी कसोटी लंगोट बदलण्यापाशी लागते. आमच्याकडे बदलायच्या खोलीचं दार उघडं असतं, टेबलाशेजारी प्रत्येक मुलाचा नाव लिहिलेला खण, आणि ज्याची पाळी त्याने बदलायचं, बाई असो की पुरुष. एका आईने, पुरुषाने माझ्या मुलीचं बदलू नये, असं सांगितलं तेव्हा आमच्या प्रमुख बाईंनी तिला बसवून घेतलं, खोली दाखवली, नियम सर्वांना सारखा आहे हे समजावलं. मला त्या कामातून बाजूला केलं नाही. काही ठिकाणी करतात. मग तुम्ही मैदानावर फुटबॉल खेळवणारा आणि तुटलेली खुर्ची दुरुस्त करणारा माणूस होऊन बसता. तुम्ही मुलांजवळ बसून गोष्ट सांगणारे आहात, ते काम हातचं जाऊ देऊ नका.

आता कागदपत्रं. जर्मनीत हा नियमन असलेला पेशा आहे, म्हणजे ठरलेलं शिक्षण मान्य झाल्याशिवाय करता येत नाही. नाशिकच्या एक वर्षाच्या मॉन्टेसरी कोर्सला इथे सहसा पूर्ण मान्यता मिळत नाही, कारण इथलं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी तीन वर्षांचं, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. काही राज्यांत शिकता शिकता पगार मिळणारा मार्ग आहे, तो आधी तपासा. पोलिसांचा दाखला आणि गोवराच्या लसीचा पुरावा लागतोच. जर्मन भाषा मात्र बी-२ (सहजपणे बोलता-समजता येण्याची पातळी) पेक्षा कमी घेऊन येऊ नका. तीन वर्षांचं मूल रडत रडत काय सांगतंय ते कळलं नाही तर बाकी सगळं फुकट. जर्मनच्या वर्गासाठी पुणे किंवा मुंबईचं मॅक्सम्युलर भवन बघा, ऑनलाइनही चालतं.

मुलाखतीनंतर बहुतेक ठिकाणी एक दिवस येऊन बसायला सांगतात. त्या दिवशी दोन प्रश्न सरळ विचारा: इथे आणखी पुरुष आहेत का, आणि लंगोट कोण बदलतं? उत्तर द्यायला आढेवेढे घेतले, तर दुसरी बालवाडी शोधा. इथे माणसांची टंचाई आहे, पर्याय मिळतो.